'लुक फॉरवर्ड टू' नेमकं कसं लिहायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी पत्राच्या शेवटच्या ओळीवर अडलेली माणसं मी रोज बघते. अख्खं पत्र नीट उतरलेलं असतं आणि शेवटी 'आपल्या उत्तराची वाट पाहत आहे' एवढंच लिहायचं असतं, तिथे हात थांबतो. 'टू हिअर' की 'टू हिअरिंग'? 'टू' की 'फॉर'? माझ्या पहिल्या नोकरीत मी टाइप केलेल्या पत्रात साहेबांनी 'हिअर' या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल करून कागद परत पाठवला होता. कारण लिहिलं नव्हतं. शेजारच्या टेबलवरच्या बाईंनी 'हिअरिंग कर' असं सांगितलं, मी केलं, आणि पुढे कितीतरी वर्षं का ते न कळता करत राहिले. माझ्याकडे पत्रं घेऊन येणारे लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते कारणांसकट इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच दिली आहेत, मोठ्यानं वाचली तर जास्त उपयोग होईल.

'आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' बरोबर की 'टू हिअरिंग फ्रॉम यू'?

'टू हिअरिंग फ्रॉम यू'. याला अपवाद नाही. 'लुक फॉरवर्ड टू'च्या पुढे क्रियापद आलं की ते आयएनजी लावूनच येतं: टू मीटिंग यू, टू वर्किंग विथ यू, टू सीइंग द हाउस.

पण शाळेत तर शिकवलं होतं की 'टू'नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं. मग इथे का नाही?

सगळा घोळ या नियमाचाच आहे. नियम खोटा नाही, अर्धा आहे. इंग्रजीत लिहायला सारखे दिसणारे दोन 'टू' आहेत. 'आय वाँट टू गो' यातला 'टू' क्रियापदाला चिकटलेला आहे, त्याला वेगळा अर्थ नाही. 'आय वॉक टू द स्टेशन' यातला 'टू' म्हणजे आपलं 'कडे': स्टेशनकडे. पहिल्याच्या पुढे क्रियापदाचं मूळ रूप येतं, दुसऱ्याच्या पुढे नाम येतं. शाळेत पहिल्याचा नियम पाठ होतो आणि दुसरा 'टू' आला तरी हात तोच नियम लावून मोकळा होतो.

'लुक फॉरवर्ड टू'मधला 'टू' हा दुसरा आहे. वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थच 'पुढे अमुककडे बघणे' असा आहे. आपण म्हणतो, 'शेतकऱ्यांचे डोळे मृगाकडे लागलेत', 'पोरांचं लक्ष गणपतीकडे लागलंय'. तो 'कडे' म्हणजेच हा 'टू'.

आता मराठीत एक गंमत करून बघा. 'कडे'च्या आधी नाम आलं की त्याचं सामान्यरूप होतं. घर, घराकडे. शाळा, शाळेकडे. क्रियापद आलं तर? 'भेटणे' हे आधी नाम होऊन बसतं आणि मग 'भेटण्याकडे' होतं. 'तुम्हाला भेटण्याकडे माझे डोळे लागलेत' हे वाक्य कानाला बरोबर वाटतं. 'तुम्हाला भेटायलाकडे माझे डोळे लागलेत' म्हणून बघा. चौथीतलं पोरही म्हणेल की हे चुकलं. 'लुक फॉरवर्ड टू मीट यू' हे इंग्रजी कानाला तसंच लागतं. 'मीटिंग' म्हणजे 'भेटण्या' आणि 'टू' म्हणजे 'कडे'.

हे समजलं त्या दिवशी मला तो पेन्सिलीचा गोल समजला. जी गोष्ट आपण आपल्या भाषेत दिवसभर न चुकता करतो, तीच इंग्रजीत करायची असते, फक्त तसं कुणी सांगत नाही.

थोडं मागे गेलं तर आणखी एक नातं दिसतं. साधारण हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत क्रियापदाआधीचा 'टू'सुद्धा दिशा किंवा हेतू दाखवणाराच होता, आणि त्याच्यापुढे क्रियापदाचं प्रत्यय लागलेलं, चतुर्थीसारखं रूप यायचं. आपल्या 'भेटायला'मधला 'ला' असतो ना, तसंच. शतकानुशतकं ते प्रत्यय झिजत गेले आणि उरलं नुसतं मूळ रूप. म्हणून आज दोन्ही 'टू' एकसारखे दिसतात, कामं मात्र वेगळी करतात.

दोन 'टू'मधला फरक पटकन कसा ओळखायचा?

'टू'च्या पुढे 'इट' (म्हणजे 'ते', खाण्याचा 'ईट' नव्हे) ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' हे पुरं वाक्य आहे. 'आय वाँट टू इट', 'आय होप टू इट' यांना अर्थच नाही. 'इट' बसला की तो 'कडे'वाला 'टू', म्हणजे पुढचं क्रियापद आयएनजीसह. 'इट' बसला नाही की मूळ रूप.

एक सावधगिरी. वरची 'भेटण्या'ची युक्ती कारण समजायला आहे, ती उलटी चालवू नका. 'भेटण्याची इच्छा आहे' असं आपण म्हणतो, तिथेही 'भेटण्या' आहे, पण इंग्रजीत 'आय वाँट टू मीट' असंच होतं, कारण 'वाँट'च्या पुढे पहिलाच 'टू' आहे. निर्णय 'इट'वर करा.

आयएनजी लावलं की चालू काळ होतो ना? मग 'मी भेटत आहे' असा अर्थ नाही का होणार?

नाही. आयएनजीची दोन मुख्य कामं आहेत. 'आय अ‍ॅम मीटिंग हिम' यात ते चालू काळ दाखवतं, कारण मागे 'अ‍ॅम' आहे. दुसरं काम म्हणजे ते क्रियापदाचं नाम करतं.

आणि हे नाम आपल्याला मुळीच नवीन नाही. शॉपिंग, पार्किंग, बुकिंग, ट्रेनिंग, कोचिंग, मीटिंग. 'पार्किंगची सोय आहे का?', 'बुकिंगला गेलेत', 'ट्रेनिंगनंतर कळवतो'. आपण या शब्दांना खुशाल विभक्ती लावतो, अनेकवचनात 'मीटिंगा' म्हणतो. म्हणजे इंग्रजी न शिकलेल्या आजीलाही 'मीटिंग' हे नाम आहे हे ठाऊक आहे. तेच नाम 'लुक फॉरवर्ड टू'च्या पुढे ठेवायचं.

मग प्रत्येक वेळी आयएनजी लागतंच का?

पुढे मुळातच नाम असेल तर नाही. 'आय लुक फॉरवर्ड टू युवर रिप्लाय', 'टू द वेडिंग', 'टू दिवाळी', 'टू फ्रायडे' हे सगळं बरोबर. खरं तर घाई असेल आणि खात्री वाटत नसेल तर 'आय लुक फॉरवर्ड टू युवर रिप्लाय' लिहून मोकळं व्हावं. चुकायला जागाच नाही.

पण इंग्रजीतले बरेच शब्द नामही असतात आणि क्रियापदही: रिप्लाय, व्हिजिट, वर्क, कॉल, हेल्प. तिथे नजर चुकते. 'टू युवर व्हिजिट' बरोबर, कारण 'युवर'मुळे ते नाम आहे. 'टू व्हिजिट युवर फॅक्टरी' चूक, कारण तिथे ते क्रियापद झालं. 'टू व्हिजिटिंग युवर फॅक्टरी' हवं. 'वर्क'चं आणखी नाजूक आहे. 'आय लुक फॉरवर्ड टू वर्क ऑन मंडेज' हे इंग्रजी वाचणाऱ्याला चक्क 'मला सोमवारी कामाची ओढ असते' असं वाटेल, म्हणजे वाक्य शुद्ध पण अर्थ भलताच. सोबत काम करण्याविषयी लिहायचं असेल तर 'टू वर्किंग विथ यू'.

'लुकिंग फॉरवर्ड फॉर युवर रिप्लाय' चालेल का?

नाही. हा 'फॉर' 'वेट फॉर'मधून येतो. आपल्या डोक्यात मराठी वाक्य असतं 'उत्तराची वाट पाहतोय', 'वाट पाहणे' म्हणजे 'वेट फॉर' असं पाठ असतं, आणि 'फॉर' आपोआप पुढे येऊन बसतो. डोक्यातलं मराठी वाक्यच बदला. 'उत्तराकडे डोळे लागलेत' असं मनात म्हणा, 'फॉर' येणारच नाही.

'आय लुक', 'आय अ‍ॅम लुकिंग' आणि नुसतं 'लुकिंग फॉरवर्ड' यांपैकी काय लिहावं?

तिन्ही शुद्ध आहेत. फरक सलगीचा आहे, साधारण 'आपण', 'तुम्ही' आणि 'तू' यांच्यात असतो तसा.

'आय लुक फॉरवर्ड टू' हे औपचारिक. नोकरीचा अर्ज, बँक, विद्यापीठ, वकील, पहिल्यांदा लिहीत असलेला ग्राहक, इथे हेच. 'आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू' यात ऊब आहे; ओळखीच्या सहकाऱ्याला, पाहुण्यांना, मुलाच्या शिक्षिकेला हे शोभतं. कर्ता गाळून नुसतं 'लुकिंग फॉरवर्ड टू सीइंग यू' हे मेसेजमधलं, मित्रमंडळींतलं, रोज बोलणं असलेल्या ऑफिसातलं.

आपल्याकडे बहुतेक लोक सगळीकडे तिसरंच लिहितात, अर्जातसुद्धा. त्याची मुळं जुनी आहेत. जुन्या इंग्रजी पत्रांत शेवटचं वाक्य असं असायचं: 'होपिंग टू हिअर फ्रॉम यू, आय रिमेन, युवर्स फेथफुली' आणि खाली सही. म्हणजे 'उत्तराची आशा ठेवून, मी आहे, आपला विश्वासू'. 'होपिंग' या तुकड्याला कर्ता होता, तो पुढच्या 'आय रिमेन'मध्ये होता. पुढे 'आय रिमेन' गळालं आणि आयएनजीचा तुकडा तेवढा लोंबकळत राहिला. अर्जाच्या शेवटी स्वतंत्र ओळीत लिहायला शिकवलेलं आपलं 'थँकिंग यू' हे त्याच घरचं. चूक म्हणून त्यावर कुणी फुली मारणार नाही, पण आज इंग्लंड-अमेरिकेतल्या वाचकाला ते जुनाट वाटतं. अर्जात मी तरी पूर्ण वाक्यच लिहायला सांगते: 'थँक यू फॉर युवर टाइम. आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.' दोन वाक्यं, दोन पूर्णविराम, मग सही.

कंपनीच्या वतीने लिहिताना 'आय'च्या जागी 'वी' करा आणि मग पत्रभर 'वी'च ठेवा.

'वाट पाहणे' म्हणजे नेहमीच 'लुक फॉरवर्ड टू' का?

मुळीच नाही. हा प्रश्न लोक कमी विचारतात, पण मला व्याकरणापेक्षा याचीच जास्त काळजी वाटते. आयएनजी चुकलं तर वाचणारा समजून घेतो. इथे चुकलं तर माणूस दुखावतो.

मराठीत वाट कशाचीही पाहता येते: बसची, पावसाची, निकालाची, पाहुण्यांची, अगदी मरणाचीही. शब्दात आनंद नाही आणि दुःखही नाही. 'लुक फॉरवर्ड टू'मध्ये मात्र आनंद ठासून भरलेला आहे. जे घडणार आहे ते घडावं असं मनापासून वाटतंय, असाच त्याचा अर्थ.

एका हाउसिंग सोसायटीच्या ग्रुपवर आलेली सूचना मला कधी विसरता येणार नाही. एक ज्येष्ठ रहिवासी वारले होते. शोकसभेची तारीख, वेळ, क्लबहाऊसचा पत्ता, सगळं नेटकं लिहिलेलं होतं आणि शेवटी 'वी लुक फॉरवर्ड टू युवर प्रेझेन्स'. लिहिणाऱ्याच्या मनात 'आपण उपस्थित राहावे' एवढंच होतं. व्याकरणात एक अक्षर चुकलेलं नव्हतं. पण गेलेल्यांची मुलगी परदेशातून तोच ग्रुप वाचत होती, तिच्या नजरेसमोर समारंभाचं आमंत्रण उभं राहिलं असेल. अशा वेळी 'प्लीज जॉइन अस' किंवा 'युवर प्रेझेन्स विल बी अ कम्फर्ट टू द फॅमिली' असं साधं लिहावं.

ऑपरेशन, कोर्टाची तारीख, नोकरीवरून कमी केल्याची बैठक, थकलेलं भाडं, यांच्याशी हा वाक्प्रचार जोडू नका. पैसे मागताना 'वी लुक फॉरवर्ड टू युवर पेमेंट' लिहिलेलं दिसतं. ते चूक नाही, पण गोड बोलून टोचल्यासारखं वाटतं. 'प्लीज पे बाय द फिफ्टींथ' हे सरळ आहे आणि त्यात कुणाचा अपमानही नाही.

मग 'वेट', 'अवेट' आणि 'एक्स्पेक्ट' कुठे वापरायचे?

'वेट फॉर' हे नुसतं थांबणं. 'आय अ‍ॅम वेटिंग फॉर युवर रिप्लाय' यात 'तुमच्यामुळे माझं काम अडलंय' अशी छटा येते. खरंच अडलं असेल तर लिहा, पहिल्या पत्रात नको.

'अवेट'चा अर्थही वाट पाहणे असाच, पण भारदस्त. त्याच्यापुढे 'फॉर' येत नाही, 'फॉर'चा अर्थ त्याच्या पोटातच आहे. 'आय अवेट युवर रिप्लाय' बरोबर, 'अवेटिंग फॉर युवर रिप्लाय' चूक.

'एक्स्पेक्ट'ला सांभाळा. आपण 'उत्तराची अपेक्षा आहे' असं नम्रपणे लिहितो, त्याचं सरळ भाषांतर 'आय एक्स्पेक्ट युवर रिप्लाय' असं करतो आणि ते हुकमासारखं वाचलं जातं: उत्तर आलंच पाहिजे. वरिष्ठांना, ग्राहकाला, प्राध्यापकांना हे लिहू नये.

'तुमच्या येण्याची' कसं लिहायचं? 'युवर कमिंग' की 'यू कमिंग'?

दोन्ही चालतं. 'वी लुक फॉरवर्ड टू युवर जॉइनिंग अस' हे औपचारिक, 'टू यू जॉइनिंग अस' हे रोजचं. मराठीत आपण 'तुमच्या येण्याची' म्हणतो, म्हणून 'युवर' आपल्याला जवळचं वाटेल. 'टू यू टू जॉइन अस' मात्र चूक.

लग्नपत्रिकेवर 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे' याचं इंग्रजी विचारतात. 'वी लुक फॉरवर्ड टू सेलिब्रेटिंग विथ यू' मला सगळ्यात आवडतं. त्यात आपण सोबत असू, हेही येतं.

'टू बी अ पार्ट ऑफ युवर टीम' चूक आहे का? सगळ्या अर्जांत असंच असतं.

हो, चूक. 'बी'सुद्धा क्रियापदच आहे, त्यालाही आयएनजी: 'आय लुक फॉरवर्ड टू बीइंग पार्ट ऑफ युवर टीम'. 'हॅव'चंही तसंच: 'टू हॅविंग यू विथ अस'. नकार हवा असेल तर 'नॉट' आयएनजीच्या आधी ठेवायचा: 'आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू नॉट कम्यूटिंग', रोजच्या लोकलमधून सुटका होणार म्हणून आनंद झालाय. 'आय अ‍ॅम नॉट लुकिंग फॉरवर्ड टू इट' याचा अर्थ मात्र 'वाट पाहत नाही' एवढाच नाही, 'नुसत्या कल्पनेनं पोटात गोळा येतो' इथपर्यंत जातो.

वाक्याच्या शेवटी 'टू' आला तर काढून टाकायचा का?

नाही, राहू द्या. 'व्हॉट आर यू लुकिंग फॉरवर्ड टू?' असाच प्रश्न असतो. 'द ट्रिप वी हॅड बीन लुकिंग फॉरवर्ड टू वॉज कॅन्सल्ड' यातही तो हवाच. काढला तर 'कडे' नसलेलं मराठी वाक्य होईल.

मेसेजच्या शेवटी नुसतं 'लुकिंग फॉरवर्ड!' लिहितात. रोजच्या बोलण्यात कशाविषयी ते कळत असेल तर चालतं. पत्रात 'टू' आणि त्याच्यापुढची गोष्ट लिहा.

स्पेलिंगमध्ये काय चुकतं?

'फॉरवर्ड'चं. एफ-ओ-आर-डब्ल्यू-ए-आर-डी. बरेच जण 'डब्ल्यू-ओ-आर-डी' लिहितात, कारण 'वर्ड' हा शब्द हाताला सवयीचा आहे. याहून वाईट म्हणजे मध्ये 'ई' घालून एफ-ओ-आर-ई-डब्ल्यू-ओ-आर-डी. हा वेगळाच शब्द आहे, त्याचा अर्थ पुस्तकाची प्रस्तावना. संगणक त्याच्याखाली लाल रेघ ओढेलच असं नाही, कारण शब्द म्हणून तो शुद्ध आहे. शेवटी 'एस' लावून 'फॉरवर्ड्स'ही करू नका. या वाक्प्रचारात 'एस' नाही.

'टू'मध्ये एकच 'ओ'. दोन 'ओ'वाला 'टू' म्हणजे 'सुद्धा' किंवा 'फारच'.

'व्हेरी मच' कुठे बसतो?

'आय व्हेरी मच लुक फॉरवर्ड टू' किंवा 'आय अ‍ॅम व्हेरी मच लुकिंग फॉरवर्ड टू'. 'लुकिंग व्हेरी मच फॉरवर्ड' असं मध्ये घुसवू नका. 'ईगरली' आपल्याकडे फार लावतात. वाक्प्रचारात उत्सुकता आधीच आहे, गरज पडत नाही.

असेच फसवे 'टू' आणखी कुठे आहेत?

बरेच आहेत, पण सगळ्यात जास्त फसवतो तो 'यूज्ड टू', कारण तो दोन्ही घरांत राहतो.

'आय यूज्ड टू ड्रिंक टी' म्हणजे 'मी चहा प्यायचो', आता पीत नाही. इथे पहिला 'टू', मूळ रूप. 'आय अ‍ॅम यूज्ड टू ड्रिंकिंग टी' म्हणजे 'मला चहा पिण्याची सवय आहे'. इथे दुसरा 'टू', आयएनजी. खूण म्हणजे मागचं 'अ‍ॅम', 'इज', 'आर', 'वॉज' किंवा 'गेट'. ते असेल तर सवय, नसेल तर जुनी गोष्ट. मराठी किती मदत करतं बघा: 'प्यायचो' आणि 'पिण्याची'. पुण्याहून बंगळूरला गेलेल्या एका मुलीनं मुलाखतीसाठी लिहून आणलं होतं, 'आय यूज्ड टू वर्क अंडर प्रेशर'. तिला म्हणायचं होतं, दबावाखाली काम करण्याची सवय आहे. लिहिलेल्याचा अर्थ होता, पूर्वी करायचे. एक 'अ‍ॅम' आणि एक आयएनजी राहिल्यानं वाक्य उलटं झालं होतं.

'ऑब्जेक्ट टू' हाही दुसऱ्या घरचा: 'दे ऑब्जेक्टेड टू पेइंग एक्स्ट्रा', जास्त पैसे देण्याला त्यांनी हरकत घेतली. 'कमिटेड टू इम्प्रूव्हिंग', 'इन अ‍ॅडिशन टू टीचिंग', 'प्रायर टू जॉइनिंग', 'विथ अ व्ह्यू टू बाइंग' यांनाही 'इट' किंवा नाम लावून बघा, बसतंय. याउलट 'होप टू', 'प्लॅन टू', 'हॅव टू', 'ईगर टू' यांच्यापुढे मूळ रूप. म्हणून कुणाला 'टू मीट यू' लिहायचंच असेल तर 'आय अ‍ॅम ईगर टू मीट यू' लिहावं, 'भेटायला उत्सुक आहे'.

भारतात सगळेच 'टू हिअर फ्रॉम यू' लिहितात. मग त्याला चूक का म्हणायचं?

अर्थ पोहोचतो, हे खरं. त्यावरून कुणाची अक्कल मोजणाऱ्यांचा मला राग येतो. महाराष्ट्रात मराठी माध्यमाला पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली. त्याआधीच्या पिढ्यांनी पाचवीत एबीसीडी गिरवली आणि त्यावर अख्खी नोकरी निभावली. त्यांच्या पत्रातल्या एका आयएनजीवरून कुणी त्यांना हसू नये.

पण जिथे समोरचा माणूस तुम्हाला ओळखत नाही आणि फक्त कागद बघतो, तिथे याची किंमत मोजावी लागते. परदेशी जाण्यासाठी द्यायच्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, तिच्या 'जनरल ट्रेनिंग' प्रकारात, लेखनाचा पहिला प्रश्न पत्राचाच असतो, किमान 150 शब्दांचा. लेखनाचे चार निकष समान वजनाचे आहेत आणि त्यातला एक व्याकरणाचा आहे. पत्राची शेवटची ओळ तपासणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अगदी शेवटी राहते. ती बिनचूक असणं आपल्या हातात आहे.

एखादं खरं पत्र दुरुस्त करून दाखवाल का?

नाशिक जिल्ह्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराच्या मुलानं नेदरलँड्समधल्या खरेदीदाराला लिहिलेल्या ईमेलचा शेवट, त्याच्या परवानगीनं:

'वी आर एक्स्पेक्टिंग युवर रिप्लाय सून. लुकिंग फॉरवर्ड फॉर लाँग बिझनेस रिलेशन अँड टू मीट यू इन रॉटरडॅम.'

जानेवारीचा शेवट होता. काढणी तोंडावर आली होती आणि रीफर (माल थंड ठेवणारा) कंटेनर नोंदवायचा होता. मी त्याला आधी विचारलं, उत्तर कधीपर्यंत हवं? म्हणाला, शुक्रवारपर्यंत. मग 'सून' कशाला लिहायचं? पहिलं वाक्य झालं: 'कुड यू प्लीज कन्फर्म बाय फ्रायडे, सो दॅट वी कॅन बुक द कंटेनर?' 'एक्स्पेक्टिंग' गेलं, हुकमाचा सूर गेला आणि कारणही कळलं.

दुसऱ्या वाक्यात 'फॉर'चा 'टू' केला. 'लाँग बिझनेस रिलेशन' ऐवजी त्याला काय म्हणायचंय ते विचारलं, तर 'बरीच वर्षं सोबत काम करायचंय'. आणि एक महत्त्वाची गोष्ट: 'अँड'नं दोन क्रियापदं जोडली की दोन्हींना आयएनजी लागतं. पहिल्याला लावून दुसऱ्याला विसरणं फार होतं. वाक्य असं झालं: 'वी लुक फॉरवर्ड टू वर्किंग विथ यू फॉर मेनी सीझन्स, अँड टू मीटिंग यू इन रॉटरडॅम.' दुसरा 'टू' गाळला असता तरी चाललं असतं. वाक्य लांब होतं म्हणून ठेवला.

'मेनी सीझन्स' हे त्याचंच. 'इयर्स' लिहू या म्हटलं तर तो म्हणाला, आमच्यात वर्षं नाही मोजत, हंगाम मोजतात. तसंच ठेवलं.

हा वाक्प्रचार टाळायचा असेल तर?

टाळता येतो, आणि काही वेळा टाळावाच. प्रत्येक ईमेलच्या शेवटी तो असलाच पाहिजे असा नियम नाही. नुसती माहिती कळवली असेल तर सही करून थांबा. उत्तर हवं असेल तर काय हवं आणि कधीपर्यंत ते लिहा: 'प्लीज लेट मी नो बाय मंडे'. भेट ठरली असेल तर 'सी यू ऑन ट्यूसडे' पुरेसं आहे. आणि समोरच्याला भेटायची, त्याच्यासोबत काम करायची ओढ खरंच असेल, तेव्हा मात्र 'आय लुक फॉरवर्ड टू'पासून सुरू करा, 'इट' लावून बघा, आणि पुढचं क्रियापद आयएनजीसकट लिहा.